रांजणाच्या गारव्यावर मुका संगणक : प्रकल्प नोंदी, मार्च ते जुलै २०२४

३ मार्च २०२४, रविवार

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकांचे वाचन ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी नागपुरातल्या आमच्या घरी गेली तीन वर्षे करतो आहे, आणि दरवर्षी एप्रिल लागला की या कामाचे घोडे एकाच ठिकाणी अडते. वाचन सुरू करण्यापूर्वी खिडकीतला कूलर बंद करावा लागतो, कारण त्याच्या घरघरीपुढे माणसाचा आवाज टिकत नाही. कूलर बंद झाला की अर्ध्या तासात खोली सदतीस-अडतीस अंशांवर जाते. खोली तापली की संगणकातला पंखा चेकाळतो, आणि ज्या शांततेसाठी घाम गाळत बसायचे ती शांतता संगणकच खाऊन टाकतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. या नोंदींत ‘कूलर’ हा शब्द मी नागपुरी अर्थाने, म्हणजे ओल्या ताट्यांतून हवा ओढणारा खिडकीतला पेटारा या अर्थाने, वापरला आहे. प्रोसेसरवर बसणाऱ्या साधनाला मी ‘शीतक’ म्हणेन.

यंत्र साधे आहे. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, त्याच्यासोबत खोक्यात मिळालेला छोटा शीतक, एक एसएसडी, एक जुनी, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटचे दोन पंखे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, ही मोठी सोय आहे. एका प्रकरणाचे वाचन चालू असताना आधीच्या प्रकरणाची सफाई आणि रूपांतर मागे चालू असते, त्यामुळे प्रोसेसर वाचनाच्या वेळीच सर्वांत जास्त तापतो. ते काम रात्री करावे हा शहाणपणाचा सल्ला घरातून मिळालेला आहे, परंतु तो मानला तर हा प्रकल्पच उरत नाही.

आजची मोजणी : खोली ३० अंश, पूर्ण भाराखाली प्रोसेसर ८४ अंश, शीतकाचा पंखा मिनिटाला २६०० फेऱ्या. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. त्यापुढे तो स्वतःहून वेग कमी करतो. मे महिन्यात खोली आठ अंशांनी चढली की आपण त्या मर्यादेला टेकणार, हे कागदावरच दिसते आहे.

आवाज मोजण्यासाठी मोबाइलमधल्या मापकावर विसंबायचे नाही असे ठरवले, कारण शांत खोलीतल्या पातळीला ती साधने बरेचदा स्वतःचीच खरखर मोजत बसतात. त्याऐवजी माइक नेहमीच्या जागी, ध्वनिवर्धन नेहमीचे, आणि एक मिनिट कोणीही न बोलता केलेले मुद्रण, अशी पद्धत ठेवली आहे. त्या मुद्रणाची सरासरी पातळी पूर्ण क्षमतेच्या खाली ४७ डेसिबल आली. ही पातळी यापुढे ‘उणे ४७’ अशी लिहीन; उणे आकडा जितका मोठा, तितकी शांतता जास्त. हा आकडा स्वतंत्रपणे काही सांगत नाही, परंतु यापुढचे सर्व आकडे त्याच्याशी ताडून पाहता येतील.

१० मार्च

गारवा आणण्यापूर्वी उष्णता किती निर्माण करायची हे आपल्या हातात आहे का, ते आधी पाहिले. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, या प्रोसेसरला ६५ ऐवजी ४५ वॅटच्या गटात बसवण्याची सोय आहे. तसे केल्यावर तो प्रत्यक्षात जास्तीत जास्त ६० वॅटच्या आसपास वीज घेतो, पूर्वी तो ८८ पर्यंत जात असे. त्याबरोबर व्होल्टेजही थोडे उतरवले. चिपमधली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, म्हणून १.३ वरून १.१ व्होल्टवर आलो तर त्याच वेगाला सुमारे २८ टक्के बचत होते. सफाईच्या कामाला आता प्रकरणामागे दीड मिनिट जास्त लागते. प्रोसेसर ७१ अंशांवर, पंखा १७०० फेऱ्यांवर, पातळी उणे ५३. एक पैसाही खर्च न करता सहा डेसिबल मिळाले.

पंख्याच्या बाबतीत एक नियम उपयोगी आहे : वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते, परंतु आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून लहान आणि वेगवान पंख्यापेक्षा मोठा आणि संथ पंखा केव्हाही बरा. हाच विचार टोकाला नेला तर असे म्हणावे लागते की उष्णता वाहून नेणारी वस्तू जितकी मोठी, जड आणि आळशी, तितके घर शांत.

१७ मार्च

पंखा खाली आल्यावर आतापर्यंत दबून राहिलेली एक एकसुरी गुणगुण वर आली. मुद्रणाचे वर्णपट पाहिले तर १२० हर्ट्झवर स्पष्ट शिखर दिसले. ७२०० फेऱ्या भागिले ६० म्हणजे १२०. संशयित ताबडतोब सापडला. हार्ड डिस्क स्वतः फार बोलत नाही, पण तिची कंपने कॅबिनेटच्या पत्र्यात शिरतात आणि सगळा पत्रा तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा घुमू लागतो.

उपाय शिवणकामाच्या डब्यात मिळाला. बोटभर रुंदीच्या इलॅस्टिकचे चार पट्टे कॅबिनेटच्या रिकाम्या खणात ताणून बांधले आणि डिस्क त्यांच्यात पाळण्यातल्या बाळासारखी लोंबकळती ठेवली. शिखर जवळपास नाहीसे झाले, पातळी उणे ५६. लोखंडाच्या खणात डिस्कची थोडी उष्णता पत्र्यात जात असे, ती वाट आता बंद झाली आहे, म्हणून तिच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागेल. आज ती ४१ अंशांवर स्थिर आहे.

२४ मार्च, होळी

आजचा दिवस कागदावरच्या विचारात गेला. लोकांनी करून पाहिलेल्या आणि मला अनेकांनी सुचवलेल्या युक्त्या एकेक करून तपासल्या.

संगणक फ्रिजमध्ये ठेवावा, ही सर्वांत लोकप्रिय सूचना. घरगुती फ्रिजचे यंत्र आत गार झालेल्या वस्तू गार ठेवण्यासाठी असते; आतच शंभर वॅटचा निखारा सतत पेटता ठेवला तर कॉम्प्रेसरला उसंत मिळणार नाही, आणि दार उघडताच बाहेरची हवा थंड बोर्डावर दव सोडेल. शिवाय तो कॉम्प्रेसरही बोलतोच.

संगणक तेलात बुडवावा, ही कल्पना तितकी वेडगळ नाही. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या महासंगणकाचे बोर्ड फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले असत, आणि हौशी मंडळींनी काचेच्या मत्स्यटाकीत खनिज तेल भरून असेच संगणक चालवले आहेत. परंतु तेलाची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, तेल केबलच्या आवरणातून केशाकर्षणाने वर चढून टेबलावर ठिबकते, आणि साध्या हार्ड डिस्कला हवेचे बारीक छिद्र असल्याने ती बुडवता येत नाही. सुट्या भागाची दुरुस्ती करायची म्हणजे भजी तळण्यापूर्वीचा हात आणि नंतरचा हात, अशी अवस्था.

पेल्टिए चकती : १८३४ साली पेल्टिए यांना सापडलेल्या परिणामावर चालणारी, एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने तापणारी. साठ वॅट उष्णता हलवण्यासाठी ती स्वतः तेवढीच किंवा अधिक वीज खाते, आणि ती सगळी तापलेल्या बाजूने बाहेर काढावी लागते. म्हणजे कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज.

धुराडे : कॅबिनेटवर पुठ्ठ्याची दीड मीटर उंच नळी बसवून गरम हवा आपोआप वर खेचली जाईल का, हे खरोखर करून पाहिले. हिशेबाने बारा अंशांच्या फरकाला जो दाब मिळतो तो एका पास्कलहूनही कमी आहे, आणि साधा पंखा त्याच्या दहा-वीसपट दाब सहज देतो. नळीच्या तोंडाशी धरलेली उदबत्ती मात्र फार सुरेख सरळ वर गेली.

बोअरचे पाणी : जमिनीखालचे पाणी बारा महिने सुमारे सत्तावीस अंशांच्या आसपास असते, पण साठ वॅटसाठी एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची मोटर चालवणे हास्यास्पद आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीचा तर विचारच नको. मे महिन्यात दुपारी तिच्या नळाखाली हात धरवत नाही.

संध्याकाळी होळीला नारळ घेऊन जाताना कोपऱ्यावर कुंभाराची हातगाडी उभी दिसली. माठ आले होते.

३१ मार्च

आठवडाभर हिशेब केला तो असा. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. दिवसाला एक लिटर पाणी रांजणाच्या अंगातून उडाले तर चोवीस तास सतत २८ वॅट उष्णता काढल्यासारखे होते. माझा प्रोसेसर दिवसातून सहा तास, सरासरी ५० वॅटने चालतो, म्हणजे १०८० किलोज्यूल, म्हणजे अर्ध्या लिटरहूनही कमी पाणी. शिवाय ४० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १६७ किलोज्यूल लागतात. ६० वॅटचा पूर्ण भार तासाला २१६ किलोज्यूल देतो, म्हणजे मातीने एक थेंबही झिरपू दिला नाही तरी पाणी तासाला जेमतेम १.३ अंश चढेल. दिवसा तापावे आणि रात्रभर निवावे, एवढा ऐसपैस वेळ या पद्धतीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. थंड नळीवर दव पडण्याची भीती फ्रिज आणि पेल्टिएच्या बाबतीत खरी आहे, येथे नाही. बाष्पीभवनाने पाणी फार तर ओल्या फडक्याच्या तापमानापर्यंत, म्हणजे ज्याला आर्द्र-बल्ब तापमान म्हणतात तिथपर्यंत, उतरू शकते, आणि ते तापमान दवबिंदूच्या खाली कधीच जात नाही.

कुंभाराकडून ४० लिटरचा लाल रांजण घेतला. वाजवून पाहिला, उन्हाकडे धरून तडा पाहिला. संगणक गार करण्यासाठी हवा आहे असे सांगितल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “पाणी प्यायचं नाही तं रांजण कायले घेता?” मग त्यानेच सांगितले की जास्त भाजलेला, खणखणीत वाजणारा रांजण टिकतो पण पाणी गार करत नाही, थोडा बदबद आवाजाचा घ्या. बदलून घेतला. मातीची छिद्रे उघडी असणे हेच तर या यंत्राचे मर्म आहे, आणि ते मला विकत घेण्यापूर्वी सुचायला हवे होते.

७ एप्रिल

रचना दोन स्वतंत्र पाण्यांची आहे. आतले पाणी बंद नळीत फिरते : प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्यातून, भिंतीतल्या भोकातून, व्हरांड्यातल्या रांजणात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून आणि परत. रांजणातले पाणी नागपूर महापालिकेच्या नळाचे, क्षारयुक्त आणि उघडे. त्याचा संगणकाशी थेट संबंध येत नाही. आतल्या पाण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीचे थोडे कूलंट. सर्व धातू तांबे किंवा पितळच ठेवले आहेत. एकाच पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून भंगारातला स्वस्त मोटारसायकलचा रेडिएटर मोह होऊनही घेतला नाही.

एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तीन सुती तांब्याची नळी सहा मीटर आणली. नळी मुडपू नये म्हणून चाळलेली बारीक वाळू ठासून भरली, दोन्ही टोके बंद केली आणि तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याऐवजी जरा लहान अशा पिठाच्या गोल डब्याभोवती ती हळूहळू गुंडाळली. एकही चेप न पडता अकरा वेढे बसायचे होते. नऊ बसले, आणि दहाव्यात चेप पडला. तेवढा भाग कापून टाकला.

१४ एप्रिल

कूलरमधला सुटा पंप घरात पडून होता, तो आधी जोडून पाहिला. चालतो, पण १८ वॅट खातो, ते सगळे पाण्यात उष्णता म्हणून उतरतात, आणि ५० हर्ट्झच्या विजेवर चालत असल्याने १०० हर्ट्झची भुणभुण करतो. एक भुंगा घालवण्यासाठी दुसरा पाळण्यात अर्थ नाही. १२ व्होल्टवर चालणारा पाच वॅटचा लहान पंप घेतला आणि तो संगणकाच्याच एसएमपीएसवर, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, जोडला, म्हणजे संगणक चालू तर पंप चालू. पंप स्पंजच्या तुकड्यावर ठेवला आहे.

संगणकाला वीज न जोडता, सर्व सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरून, नुसता पंप बाहेरच्या ॲडॅप्टरवर चोवीस तास चालवला. दोन सांधे ठिबकले. क्लिपा बदलल्या आणि पुन्हा चोवीस तास. आई दर दोन तासांनी व्हरांड्यात येऊन रांजणावर पालथा घातलेला पेला उचलून आत डोकावत होती आणि तांब्याचे वेटोळे पाहून काही न बोलता परत जात होती.

२१ एप्रिल

पहिली खरी चाचणी आणि पहिली फजिती. प्रोसेसर वीस मिनिटांत ८८ अंशांवर गेला, रांजणातले पाणी मात्र जसेच्या तसे गार. उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नव्हती. ठोकळा उघडला तर त्याच्या केसाएवढ्या खाचांमध्ये वाळू बसलेली. नळी वाकवल्यानंतर मी ती नळाखाली धरून धुतली होती आणि धुतली म्हणजे धुतली असे समजलो होतो. वेटोळे काढून, दोरीला चिंधी बांधून ती आरपार ओढणे नऊ वेढ्यांमध्ये शक्य नव्हते; शेवटी कार धुण्याच्या दाबाच्या फवाऱ्याने दोन्ही दिशांनी पाणी मारले. दुपार गेली. ठोकळा जुन्या टूथब्रशने साफ केला.

संध्याकाळची मोजणी : बाहेर ३९ अंश, खोली ३६, रांजण २६, प्रोसेसर पूर्ण भाराखाली ५१. शीतकाचा पंखा आता नाहीच. मी बराच वेळ तो ५१ आकडा नुसता पाहत बसलो.

२८ एप्रिल

हुरळून जाऊन मी कॅबिनेटचे दोन्ही पंखेही काढले होते. तासाभराच्या वाचनानंतर संगणक अडखळू लागला. प्रोसेसर ५३ अंशांवर शांत होता, पण त्याच्या शेजारी व्होल्टेज नियंत्रित करणारे जे भाग मदरबोर्डवर असतात ते ९८ अंशांवर पोहोचले होते. खोक्यात मिळालेला तो किरकिरा पंखा प्रोसेसरबरोबर या भागांवरही हवा मारत होता, आणि ही फुकटची सेवा त्याला काढून टाकेपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती.

बारा सेंटिमीटरचे दोन पंखे गेले, त्यांच्या जागी चौदा सेंटिमीटरचा एकच पंखा मिनिटाला ४५० फेऱ्यांवर, त्या भागांकडे तोंड करून, रबरी खिळ्यांवर बसवला. ते भाग ७१ अंशांवर आले. कान कॅबिनेटला टेकवला तरच पंखा ऐकू येतो. एसएमपीएस बदलून कमी भाराला स्वतःचा पंखा बंद ठेवणारा घेतला. सगळ्या प्रकल्पात सर्वांत महाग पडलेली वस्तू तीच. पातळी उणे ६२. पूर्ण नि:शब्द, एकही पंखा नसलेला संगणक हे स्वप्न मी येथे सोडून दिले, आणि त्याचे मला दुःख नाही.

५ मे

गेले दहा दिवस रोज सकाळी मापाच्या भांड्याने रांजण गळ्यापर्यंत भरतो आहे. पाच दिवस संगणक बंद ठेवून आणि पाच दिवस चालवून. बंद असताना दिवसाला सरासरी ३ लिटर पाणी उडाले, चालू असताना ३.३. हिशेबाप्रमाणे ०.४४ लिटरची वाढ हवी होती. मोजणीत चूक असावी असे आधी वाटले, पण तसे नाही. रांजण काही फक्त संगणकाला गार करत नाही, तो उन्हाळ्यातल्या हवेतूनही सतत उष्णता घेत असतो. संगणकाने पाणी एक-दोन अंशांनी कोमट केले की हवा आणि रांजण यांतला फरक कमी होतो आणि हवेकडून येणारी उष्णता तेवढी घटते. बाकीचा हिशेब तिथे जुळतो. तीन लिटर म्हणजे सतत ८४ वॅट : एवढी ताकद हा मातीचा गोळा कसलीही वीज न घेता रोज खर्च करतो, आणि त्यातला बहुतेक भाग विदर्भाच्या उन्हाशी झुंजण्यातच जातो.

१२ मे

आठवड्यापूर्वीच लक्षात यायला हवे होते : उघडे, स्वच्छ, साठलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. रांजणाच्या तोंडाला दुहेरी मलमलचे फडके नळ्यांसकट दोरीने घट्ट बांधले, आणि आठवड्याचा कोरडा दिवस पाळायचे ठरवले. दर रविवारी रांजण रिकामा करायचा, ते पाणी कुंड्यांना घालायचे, आतून घासायचा आणि बाहेरून नारळाच्या शेंडीने. बाहेरून घासणे डासांसाठी नाही. क्षाराचे पाणी झिरपून उडाले की क्षार मातीच्या छिद्रांत मागे राहतात आणि पांढरट पापुद्रा धरतो. जुना माठ पाणी गार का करत नाही याचे कारण हेच. तीन आठवड्यांतच रांजणाच्या पोटावर नकाशासारखे डाग उठले आहेत.

२६ मे

काल नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला. दुपारी तीन वाजता व्हरांड्याच्या सावलीत ४४ अंश. साध्या तापमापीच्या टोकाला ओली मलमल गुंडाळून तिला पुठ्ठ्याने वारा घातला : २३.५. म्हणजे हवा साडेवीस अंशांची सूट देऊ करते आहे. रांजण त्यातला बराचसा भाग पदरात पाडतो, पाणी २७.५. कूलर बंद, खोली ३८, मी घामाने निथळतो आहे आणि प्रोसेसर ५२ अंशांवर बसला आहे. दोन तासांत तीन प्रकरणे झाली. या घरात सध्या सर्वांत सुखी प्राणी तोच.

मध्येच वीज गेली. यूपीएसवर संगणक आणि त्याच्याच आधाराने पंप दोन्ही चालू राहिले, म्हणजे पंप एसएमपीएसवर जोडण्याचा निर्णय योग्य होता. त्यानंतर मुद्दाम पंपाची तार उपटून पाहिली : ठोकळ्यातले पाणी थांबताच पूर्ण भाराखाली प्रोसेसर दीड मिनिटात ९० च्या पुढे गेला आणि मग स्वतःच वेग तोडत ९५ वर अडकून राहिला. जळला नाही. तरी पंप बंद पडल्यास संगणक बंद करणारी छोटी आज्ञावली लिहून ठेवली.

३१ मे

शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने काल ५६ अंश सेल्सिअस दाखवले आणि सकाळपासून फोन वाजत आहेत. हवामान विभागाने हा संवेदकाचा दोष असल्याचे सांगितले आहे. इतर केंद्रांवर पारा चव्वेचाळीसच्या आसपासच होता. पाच दिवसांपूर्वी मी स्वतः फार आत्मविश्वासाने २७.५ असा दशांशासकट आकडा लिहिला, म्हणून आज माझे तिन्ही संवेदक तपासायला घेतले. डीएस१८बी२० या संवेदकाची अचूकता अर्ध्या अंशाच्या आत असायला हवी. डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ कुटून त्याच पाण्यात भिजवला, थर्मासमध्ये भरला आणि तिन्ही त्यात सोडले. दोन ०.२ आणि ०.३ दाखवतात. तिसरा, जो रांजणात असतो, तो १.४ दाखवतो. म्हणजे नोंदींतले रांजणाचे सगळे आकडे सव्वा-दीड अंशाने जास्त आहेत आणि खरे पाणी मी समजत होतो त्याहून गार आहे. चूक माझ्या पथ्यावर पडणारी निघाली याचा आनंद मानावा की नाही ते ठरत नाही. मागच्या नोंदी खोडल्या नाहीत. यापुढचे आकडे दुरुस्त केलेले आहेत.

२३ जून

पाऊस आला आणि या प्रकल्पातली सर्वांत गमतीची गोष्ट घडली. आज बाहेर ३१ अंश, मे महिन्यापेक्षा तेरा अंश कमी, आणि रांजणातले पाणी मात्र मे महिन्यापेक्षा गरम. ओल्या फडक्याची तापमापी २६.५ दाखवते, तीच खालची मर्यादा. हवा आधीच ओली आहे, तिला आणखी पाणी नको आहे. आज रांजण भरायला अर्धा लिटरही लागले नाही. दुपारच्या वाचनानंतर पाणी ३० अंशांवर गेले आणि रात्रभर तिथेच रेंगाळले.

आमच्या घरात ही गोष्ट कोणाला नवी नाही. मृग लागला की कूलर निरुपयोगी होतो, उलट खोली दमट करतो, आणि माठ आत उचलून ठेवला जातो, हे आई मला लहानपणापासून दाखवत आली आहे. मी ती आकड्यांत शिकलो, एवढेच. प्रोसेसर ५६ अंशांवर आहे, म्हणजे तक्रारीला जागा नाही. बाष्पीभवन थांबले तरी चाळीस लिटर पाण्याचा आळस अजून आपल्या बाजूने आहे, आणि रांजणाचे मोठे अंग नुसत्या हवेलाही थोडी उष्णता देतेच. फक्त पावसाळ्यात हे यंत्र गारवा करत नाही, उष्णता साठवून पुढे ढकलते.

७ जुलै

दोन तास सलग काम केल्यावर पाणी ३२ अंशांवर. पावसाळ्यापुरता एक बदल केला : वाचन संपल्यावर रांजणातले वीस लिटर पाणी रबरी नळीने खाली बागेत सोडायचे आणि नळाचे ताजे पाणी भरायचे. पावसात नळाचे पाणी २७ अंशांच्या आसपास येते. ओबडधोबड उपाय आहे, पण यात कोणतेही यंत्र नाही, म्हणून आवाजही नाही. व्हरांड्याच्या बाजूने रांजणाला हिरवे शेवाळ धरले आहे. ते खरवडावे की राहू द्यावे याचा निर्णय झालेला नाही. पाण्यावर त्याचा परिणाम दिसत नाही आणि आईला ते आवडते.

पंखे गेल्यावर आता मुद्रणात जे उरले आहे ते ऐकून ओळखण्याचा प्रयत्न केला. १०० हर्ट्झवर एक पुसट रेघ आहे. ती संगणक पूर्ण बंद करूनही राहते. स्वयंपाकघरातला फ्रिज बंद केल्यावर ती गेली. म्हणजे यापुढची लढाई संगणकाशी नाही. वाचनाच्या वेळी फ्रिज तासभर बंद ठेवायची परवानगी मिळाली आहे, पण दुधाचे पातेले आत असेल तर नाही, या अटीवर. पातळी उणे ६४, आणि त्यातला बराचसा भाग माझ्या माइकच्या स्वतःच्या खरखरीचा असावा.

२१ जुलै

सकाळपासून पाऊस. रविवार असल्याने रांजण रिकामा करून घासला, वेटोळे बाहेर काढून पुसले. तांब्यावर हिरवट छटा आली आहे, सांधे कोरडे आहेत. आतल्या पाण्याचा रंग बदललेला नाही. तीन महिन्यांत सुमारे पाव लिटर कमी झाले होते, ते सिलिकॉनच्या नळीतूनच हळूहळू उडाले असणार. पाणी भरले, संगणक लावला, प्रोसेसर ४९.

इतिहासाचे सातवे प्रकरण आज वाचायचे होते. माइक चालू करून नेहमीप्रमाणे एक मिनिट शांततेचे मुद्रण केले : उणे ३१. व्हरांड्याच्या पत्र्यावर पाऊस कोसळतो आहे. पत्र्याखाली नारळाच्या काथ्याच्या चटया मारून पाहायच्या आहेत. सुताराला बुधवारी बोलावले आहे.